वानरांनी पास केलेली सॅक

सर बॅगांच्या दुकानात शिरले की दुकानदार आधी चहा सांगायचा आणि मग स्वतः बाहेर येऊन उभा राहायचा. कळंबच्या बाजारात हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं आहे. आत सरांनी भिंतीवरची एकेक सॅक खाली उतरवलेली असायची. तिचं आतलं बाहेर करून, अस्तर उपसून, चष्मा कपाळावर चढवून त्यांचं शिवण तपासणं चालायचं. वांगं चिरताना बाया अळी शोधतात, तसं. रंग कुठला, खिसे किती, पाण्याच्या बाटलीला जाळी आहे का, यातलं काहीही ते विचारायचे नाहीत. त्यांचा प्रश्न एकच असायचा. "ही कुठं फाटंल?"

दुकानदार म्हणायचा, सर, फाटायचा प्रश्नच नाही, गॅरंटी आहे. तो असं म्हणाला की सर सॅक उलटीच ठेवून उठायचे. त्यांचं म्हणणं असं, की जगातली प्रत्येक सॅक कुठून ना कुठून फाटणारच. ती जागा ज्याला माहीत नाही, त्याला आपण काय विकतोय हेच माहीत नाही. अशा माणसाकडून खरेदी करायची नाही. चहा मात्र ते पिऊन उठायचे.

आमच्या शाळेत ते भूगोल शिकवायचे आणि स्काउटचं बघायचे. मी विज्ञानाची शिक्षिका म्हणून नवीन लागले, तेव्हा त्यांच्या घराला लागून असलेली खोली भाड्यानं घेतली आणि पहिल्या आठवड्यातच माझं जेवण सरांच्या बायकोच्या, म्हणजे काकूंच्या ताब्यात गेलं. सर उंच, सडपातळ. शनिवारी खाकी हाफपँट, आणि शर्टाच्या खिशात बाराही महिने शिट्टी. घरात चहा हवा असला की ते दोनदा शिट्टी वाजवायचे. काकूंनी त्या शिट्टीला एकदाही ओ दिलेली मी ऐकली नाही. थोड्या वेळानं सर स्वतःच उठून चहा टाकायचे आणि काकूंनाही नेऊन द्यायचे. हे इतकं नेमानं व्हायचं, की शिट्टी ही चहा मागण्याची नसून करण्याची असावी असं मला बरेच दिवस वाटत होतं.

कपड्यांची घडी घालणं त्यांना मान्य नव्हतं. कपडे गुंडाळायचे. मी येताना घड्यांनी भरून आणलेली माझी ट्रंक त्यांनी उघडी बघितली आणि आठवडाभर ते माझ्याशी जरा जपूनच बोलत होते.

पण त्यांचा खरा धर्म एकच होता. आपलं सामान नजरेआड होऊ द्यायचं नाही. एसटीत त्यांची पिशवी मांडीवर. वरच्या फळीवर नाही, सीटखाली नाही आणि डिकीत तर मुळीच नाही. कळंब आगाराचे कंडक्टर त्यांना ओळखून होते, ते काही बोलायचे नाहीत. बाहेरच्या आगाराचा असला की वाद ठरलेला. एकदा प्रशिक्षणाला आम्ही दोघं धाराशिवला चाललो होतो. गर्दी इतकी, की एका बाईनं आपलं लेकरू सरळ सरांच्या मांडीवरच्या पिशवीवर बसवलं. सरांनी पिशवी आणि लेकरू दोन्ही धाराशिवपर्यंत धरलं. उतरल्यावर हात आखडलेले, पण चेहऱ्यावर समाधान. एवढं ओझं पडूनही पिशवी जागची हलली नाही, याचा त्यांना अभिमान वाटत होता.

याच्यामागं एक गोष्ट आहे आणि ती सर दरवर्षी स्काउटच्या नव्या पोरांना सांगायचे. नोकरीच्या पहिल्या दिवशी त्यांनी बॅग एसटीच्या टपावर दिली होती. उतरताना टपावरच्या माणसानं वरून जी बॅग सोडली ती घेतली आणि थेट शाळा गाठली. कागदपत्रं दाखवायला मुख्याध्यापकांच्या टेबलावर बॅग उघडली, तर निघाला लाल शालू, मुंडावळ्या आणि हळदीचा पुडा. तिकडं भूमच्या बाजूला एका लग्नघरी नवरीच्या आईनं बॅग उघडली, तर खाकी हाफपँट, शिट्टी आणि बी.एड.चं प्रमाणपत्र. दुपारच्या गाडीनं शालू परत गेला आणि लग्न तिन्हीसांजेला लागलं. पोरं पोट धरून हसायची. सर मात्र ही गोष्ट शेवटपर्यंत गंभीरपणे सांगायचे. एका मुलीचं लग्न आपल्या हाफपँटीपायी अडलं होतं, ही गोष्ट त्यांनी स्वतःला कधी माफ केली नव्हती. त्या दिवसापासून हातातलं सामान हातातच.

आता काकूंबद्दल सांगायला हवं, कारण ही सगळी हकिकत खरं तर त्यांच्यासाठी घडली. काकूंचं माहेर भूमकडचं, कोरडवाहू. पाऊस तिकडं आधीच हात राखून पडतो. त्यात हातातोंडाशी आलेली ज्वारी गारांनी आडवी झालेली त्यांनी लहानपणी बघितली होती. एकदा टीव्हीवर बर्फाचे डोंगर दाखवत होते. काकू भाकरी थापता थापता थांबल्या आणि मला म्हणाल्या, "गारा लई बघितल्या, पोरी. एकदा असा बर्फ बघायचाय, ज्यानं कुणाचं काय बिघडत न्हाई."

काकूंनी आयुष्यात मागितलेली बहुधा ती एकच गोष्ट असावी. त्यांची लेक बंगळुरूला नोकरी करायची. तिनं हे मनावर घेतलं. पुण्याहून दिल्लीपर्यंत विमान, पुढं मनाली, आणि मनालीच्या वर बर्फाशेजारी तंबूत दोन रात्री राहायचं, असा बेत तिनं केला. सरांना बेत पसंत पडला. तंबू म्हटल्यावर तर त्यांची कळी खुलली. फक्त एक अडचण होती. विमानात मोठं सामान काउंटरवर देऊन टाकावं लागतं, आणि ते थेट उतरल्यावरच बघायला मिळतं. डोक्यावरच्या कप्प्यात ठेवायची बॅग तेवढी आपल्या हातात राहते. मग सर म्हणाले, अशी सॅक पाहिजे जी विमानात हातात राहील, तंबूबाहेर बर्फात पडली तरी आत ओल जाणार नाही, आणि डोंगरात ऐन वेळी पट्टा तुटून दगा देणार नाही. अशी सॅक मिळाली की निघू.

पहिल्या वर्षी ती मिळाली नाही. बेत पुढं ढकलला. दुसऱ्या वर्षीही मिळाली नाही, आणि लेकीनं काढलेली तिकिटं रद्द करावी लागली. त्या दिवशी काकूंच्या आमटीत मीठ नव्हतं आणि ते सांगायची माझी हिंमत झाली नाही.

सॅक शोधणं म्हणजे सर हातावर हात धरून बसले होते असं कुणी समजू नये. त्यांनी दोन परीक्षा ठरवल्या होत्या. विज्ञान मी शिकवायची, पण प्रयोग शेजारच्या अंगणात चालायचे. पहिली परीक्षा ज्वारीची. नवी सॅक आणली की ती ज्वारीनं गच्च भरायची आणि अंगणातल्या कडुलिंबाच्या फांदीला टांगायची. दगड भरला तर तो एका जागी गप पडून राहतो. ज्वारी मात्र कानाकोपऱ्यात घुसते आणि शिवणीत कुठं कच्चा टाका आहे ते हुडकून काढते. सर व्हरांड्यात खुर्ची टाकून शाळेचे पेपर तपासायचे आणि मधूनमधून झाडाकडं बघायचे. सॅक बघायची नाही, सॅकखालची जमीन बघायची. तिथं चिमण्या उतरल्या की सॅक नापास.

लेकीनं एकामागून एक ऑनलाइन सॅक पाठवल्या. बहुतेक सगळ्यांखाली चिमण्या उतरल्या. सॅक परत पाठवायचं काम माझ्या मोबाइलवरून व्हायचं. परत करण्याचं कारण निवडा, असं तिथं यायचं. माप चुकलं, रंग वेगळा आला, आवडली नाही. सर म्हणायचे, बाई, ह्यात आपलं कारण कुठंय? चिमण्या आल्या, असं कुठंच नव्हतं. शेवटी मी "आवडली नाही" निवडायची आणि सरांना ते खोटं बोलल्यासारखं वाटायचं. सॅक त्यांना आवडलेली असायची. चिमण्यांनाही.

हळूहळू गावात बोलबाला झाला. कुणाची पोरगी लातूरला शिकायला निघाली, कुणाचा पोरगा पुण्याला लागला, की आईबाप नवी बॅग घेऊन सरांच्या अंगणात यायचे. एका वेळी तीन तीन बॅगा लिंबाला लटकलेल्या मी बघितल्या आहेत. नवीन माणसाला वाटावं, काही नवस असेल. सर सगळ्यांच्या बॅगा तपासून द्यायचे. स्वतःची तेवढी मिळत नव्हती.

दुसरी परीक्षा वानरांची. येडशीजवळ रामलिंगाचं देऊळ आहे, दाट झाडी आहे, आणि तिथली वानरं माणसाला घाबरत नाहीत. ज्वारीत पास झालेली सॅक सर तिथं घेऊन जायचे. आत फुटाण्याचा पुडा ठेवायचा, चेन लावायची, सॅक दगडावर ठेवायची आणि दहा हात लांब जाऊन बसायचं. चेन वानराला उघडता आली तर प्रवासात कुणालाही उघडता येईल, हा त्यामागचा विचार. एकदा रविवारी काकू आणि मीही गेलो होतो. एक थोराड वानर आलं. त्यानं सॅक इकडून तिकडून बघितली, चेनचं टोक दातात धरलं आणि माझ्यापेक्षाही सफाईनं ओढलं. फुटाणे खाल्ले. मग त्यानं एक हात पट्ट्यात घातला, सॅक एका खांद्यावर अडकवली आणि उडी मारून झाडावर गेलं. सर वहीत खूण करावी तसे गंभीरपणे मान हलवत होते. काकू शेंगा सोलत बसल्या होत्या. त्या न हसता म्हणाल्या, "त्यालाच घिऊन जाते म्या हिमालयात. तुमच्यापरीस लवकर तयार झालं बगा."

मला हसू आवरेना. परतीच्या वाटेवर सर नेहमीसारखे डोंगर, नाले, खडक दाखवत नव्हते. वनरक्षकानं जाताजाता हटकलं, की वानरांना खायला घालू नका, तेव्हा सर त्यालाही फक्त "व्हय" म्हणाले.

तिसऱ्या वर्षी लेकीनं पुन्हा तिकिटं काढली. या वेळी तिनं मला वेगळा फोन केला. ताई, तुम्हीही चला, बाबा विमानतळावरून परत फिरतील अशी मला धास्ती आहे, असं म्हणाली. मला काय, सुट्टीच होती. मी लगेच हो म्हटलं. त्या संध्याकाळी जेवणं झाल्यावर काकूंनी सरांसमोर पाण्याचा तांब्या ठेवला आणि माझ्यादेखत सांगितलं. "सॅक घावली तर तुमच्यासंगं जाईन. न्हाई घावली तर पिशवी घिऊन एकली जाईन. पर ह्या टायमाला म्या जाणार."

सरांनी तांब्या उचलला आणि तो रिकामा होईपर्यंत खाली ठेवला नाही. काकू खरंच एकट्या जातील याविषयी त्यांना किंवा मला जराही शंका नव्हती.

सॅक सापडली ती बॅगांच्या दुकानात नाहीच. बाजार समितीच्या रस्त्यावर ताडपत्री विकणाऱ्याचं एक दुकान आहे. उरलेल्या कापडाच्या तो ट्रकवाल्यांसाठी सॅक शिवायचा. जाड हिरवट कापड, चामड्याचे पट्टे आणि चेनच्या जागी बैलाच्या साजाला असतात तसली मोठी पितळी बक्कलं. दिसायला अशी, की शहाण्या माणसानं दोनदा बघू नये. सरांनी सवयीनं विचारलं, ही कुठं फाटंल? दुकानदार मशीनवरून मान वर न करता म्हणाला, "पट्टा बुडाला शिवलाय ना, तिथं. पर तवर तुमी बी न्हाई ऱ्हायचे अन् म्या बी न्हाई."

सरांनी चहासुद्धा न घेता सॅक घेतली. लिंबाला ती तीन दिवस लटकली, खाली एकही चिमणी फिरकली नाही. रामलिंगाला तेच थोराड वानर आलं, का त्याचा भाऊ होता कोण जाणे. त्यानं बक्कल चावलं, पट्टा ओढला, सॅक आपटली, आणि शेवटी कंटाळून तिच्यावरच बसून राहिलं. ते उठेपर्यंत आम्हाला तिथं थांबावं लागलं. सरांच्या डोळ्यांत पाणी होतं. आनंदानं म्हणा, नाहीतर वाऱ्यानं.

आता फक्त वजन राहिलं होतं. हातातली बॅग सात किलोच्या आत हवी, असं लेकीनं बजावलं होतं. माझ्याकडं लहानसा टांगायचा काटा होता, पण सरांचा त्यावर भरोसा नव्हता. सरांनी एकट्यानंच सगळं भरलं, बक्कलं लावली, आणि सर सॅक घेऊन निघाले ते मोंढ्यात, धान्याच्या बाजारात. मीही मागोमाग गेले. तिथं एका आडतीवर एक म्हातारा मापाडी होता. आयुष्यभर त्यानं शेतकऱ्यांची पोती मोजली होती, आणि त्यानं तोंडानं आकडा उच्चारला की घेणारा आणि विकणारा दोघंही मान डोलवायचे. त्यानं सॅक काट्यावर ठेवली. आकड्यांच्या काचेवर ऊन चमकत होतं, आम्हाला काही दिसलं नाही. त्यानं हाताची ओंजळ करून बघितलं, सॅकचं कापड दोन बोटांत धरून चोळलं, तोंडातल्या तोंडात काही पुटपुटला आणि म्हणाला, "सात."

सरांनी त्याला वाकून नमस्कारच करायचा बाकी ठेवला. सॅक पाठीवर टाकून ते भर बाजारातून घरी आले. वाटेत भेटेल त्याला मोजून सात आहे म्हणून सांगत होते.

पुण्याच्या विमानतळावर आम्ही दुपारी पोचलो. माझी ट्रॉली काउंटरवर द्यायची होती. लेक बंगळुरूहून थेट दिल्लीला येणार होती. काकूंच्या पिशवीत तिच्यासाठी कडक भाकरी, शेंगाचटणी आणि तिखट असं काय काय होतं, तीही त्यांनी खुशाल देऊन टाकली. सरांची सॅक कुणी मागितली नव्हती. ते नुसते बाजूला उभे राहिले असते तर कुणी बघितलंही नसतं. मी डोळ्यांनी त्यांना तसं खुणावलंही. पण सरांनी पाठीवरची सॅक उतरवली आणि आपणहून काट्यावर ठेवली. काउंटरवरच्या मुलीकडं ते असे बघत होते, की ती आता शाबासकी देणार.

आकडा आठ ओलांडून गेला.

मुलगी नम्र होती. म्हणाली, सर, ही वर नेता येणार नाही, द्यावी लागेल, किंवा थोडं सामान कमी करा. सर आकड्याकडं बघत राहिले. मग एकदम त्यांच्या लक्षात आलं. मोंढ्यात माल पोत्यासकट काट्यावर ठेवतात आणि पोत्याचं वजन वजा करून माल किती ते सांगतात. त्या म्हाताऱ्यानं जन्मभर तेच केलं होतं. कापड चोळून त्यानं पोत्याचा अंदाज घेतला होता. सरांनी माझ्याकडं वळून, कौतुकानंच म्हणावं अशा आवाजात सांगितलं, "त्यानं पोतं वजा केलं, बाई. माल सातच हाय." मग तेच त्यांनी त्या मुलीला समजावायला घेतलं. माल सात आहे, वरचं वजन पोत्याचं आहे, आणि पोतं मजबूत आहे म्हणून जड आहे. तिला एक अक्षर कळलं नाही. आमच्या मागं रांग वाढत होती.

मी म्हटलं, सर, थोडं काढा, माझ्या ट्रॉलीत टाकू, ट्रॉली अजून इथंच आहे. सर बाजूला झाले, खाली बसले आणि बक्कलं सोडली. पहिल्यांदा निघाली काकूंची जाड लोकरीची शाल. ती त्यांनी मांडीवर ठेवली, जरा बघितली आणि पुन्हा आत घातली. मग लोकरीचे मोजे निघाले, बायकांच्या मापाचे, तीन जोड. मग बर्फात घालायचे बूट, तेही काकूंच्या मापाचे. कधी आणले होते, कुणाला ठाऊक नव्हतं. गरम पाण्याची रबरी पिशवी. काकूंच्या गुडघ्याचं तेल, बाटलीला प्लास्टिक गुंडाळून, दोरा बांधून. एकेक वस्तू ते हातात घ्यायचे, ही दिली तर काय होईल याचा विचार करायचे आणि पुन्हा आत ठेवायचे. तळाशी त्यांचा स्वतःचा एक सदरा होता, एक पायजमा होता, आणि दात घासायचा ब्रश. बास.

काकू शेजारी उभ्या राहून बघत होत्या.

"हे समदं माझं हाय?"

"थंडी असती तिथं," सर म्हणाले.

"अन् तुमचं?"

"हाय की. सदरा हाय."

काकू माझ्याकडं वळल्या. म्हणाल्या, "पोरी, म्या आजवर समजत व्हते, ह्यांला मला न्यायचंच न्हाई. म्हणून सॅक आडवी घालायलेत."

सर खालीच बसलेले होते. मान वर न करता, तेलाच्या बाटलीचा दोरा घट्ट करत ते बोलले. इतक्या वर्षांत मी त्यांना इतक्या हळू बोलताना ऐकलं नव्हतं. "सामान नजरेआड गेलं अन् घावलं न्हाई, तर तू बर्फात उभी कशी ऱ्हाशील? उगं दोन मिन्टं बघून माघारी फिरावं लागंल. म्हणून हातात पायजे व्हती."

मला भरून आलं, खोटं कशाला बोलू. आम्ही सगळ्यांनी त्यांची थट्टा केली होती. शाळेत, बाजारात, रामलिंगाला. मी तर सर्वात जास्त. आणि तो माणूस दोन वर्षं झाडाखाली चिमण्या मोजत बसला होता, ते बायकोला बर्फात पोटभर उभं राहता यावं म्हणून.

काकूंनी पदरानं डोळे टिपले नाहीत की काही नाही. त्या खाली वाकल्या, सॅक स्वतःकडं ओढली आणि बक्कलं लावली. ती लावायला त्यांना जोर करावा लागला, पण सरांना त्यांनी हात लावू दिला नाही. "माझं सामान हाय ना? मंग माझ्या सामानाचं म्या ठरविते. जाऊ द्या ती." सॅक उचलून त्यांनी त्या मुलीपुढच्या पट्ट्यावर ठेवली आणि सरांपुढं हात केला. "मला धरा."

सॅक पट्ट्यावरून सरकत गेली. काळ्या रबराच्या झालरीआड तिचं शेवटचं बक्कल दिसेनासं होईपर्यंत सर बघत होते. मग ते उठले आणि काकूंचा हात धरला. आधी मनगट धरलं, एसटीत पिशवीचा पट्टा धरतात तसं. मग नीट धरला.

तपासणीच्या जागी बायकांची रांग वेगळी असते. तिथं सरांना हात सोडावा लागला. त्यांनी तिथल्या जवानाला विचारून खात्री करून घेतली, की ही बाई पलीकडं लगेच बाहेर येते ना. खिशातल्या शिट्टीमुळं यंत्र वाजलं, त्यांना पुन्हा मागं पाठवलं, बूटही काढायला लावले, तरी त्यांचं लक्ष त्या पडद्याकडंच होतं. काकू बाहेर आल्या तेव्हा सर पायात एकच बूट घालून उभे होते.

आता माझी बदली झाली आहे, सर निवृत्त झाले आहेत, आणि कळंबला गेले की लोक मला अजून विचारतात, मग काकूंनी बर्फ बघितला का. बघितला. चांगला दोन दिवस बघितला. बूट घालून, शाल गुंडाळून त्या त्यात उभ्याच राहिल्या. सरांनी हिमनदी कशी तयार होते ते सांगायला सुरुवात केली, तेव्हा काकूंनी त्यांना गप बसायला सांगितलं. मग मूठभर बर्फ उचलून वास घेतला, थोडा खाल्लाही, आणि लेकीला म्हणाल्या, तुझ्या बापाला बी दे.

पण मला आठवतो तो दिल्लीचा विमानतळ. उतरल्यावर सामान फिरत येणाऱ्या पट्ट्याशी आम्ही उभे होतो. माणसं आपापली बॅग यायच्या आधीच पुढं वाकून बघत होती, एकमेकांना कोपर लावत होती. लाल, निळ्या, चकचकीत ट्रॉल्यांच्या मधून आमची ताडपत्रीची सॅक आली. सर पट्ट्याच्या अगदी कडेला होते. हात लांब केला असता तर सापडली असती. पण त्यांच्या एका हातात काकूंचा हात होता, आणि दुसऱ्या हातानं ते काचेबाहेर बोट दाखवून सांगत होते, की इथली बहुतेक जमीन यमुनेच्या गाळाची आहे, आपल्याकडच्यासारखा खडक इथं खूप खाली लागतो. काकू ऐकत होत्या. शिट्टीला ओ न देणाऱ्या काकू, मान हलवून ऐकत होत्या. सॅक त्यांच्या समोरून पुढं निघून गेली.

मी म्हटलं, "सर, सॅक गेली."

"येऊ द्या, बाई, फिरून," सर म्हणाले. "ती कुठं जाती?"

पुढच्या फेरीला ती मीच उचलली. भलतीच जड होती.